दिल्याचे १५,४००

काल राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर दिल्या आला तो तोंड पाडूनच. बसायच्या आधी पक्यानं विचारलं, "आलं का?"

"कुठलं आलंय."

"माझ्या साडूला नऊ दिवसांत आलं."

"तुझ्या साडूला नातूपण नवव्या दिवशी झाला असंल," शकूर म्हणाला.

दिल्याची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. रिटायर झाल्यावरचे २२ लाख एफडीत टाकले, १५एच, म्हणजे 'मला कर बसत नाही, कापू नका' असं बँकेला सांगायचा फॉर्म, द्यायचं राहिलं, बँकेनं व्याजातनं टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापला. कर शून्य, म्हणजे सगळे १५,४०० इन्कम टॅक्सकडनं रिफंड म्हणून परत यायचे. रिटर्न १४ सप्टेंबरला भरलं, त्याच रात्री आधारच्या ओटीपीनं व्हेरिफाय केलं. आता जानेवारी संपत आला. त्या पैशांवर वहिनींच्या मोतीबिंदूचं ठरलंय.

नाना कोषागारातनं रिटायर झाले, पण त्यांच्या बोलण्यातनं कोषागार गेलं नाही. "ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र दाखल झाले, ते संपल्यापासून नऊ महिने खात्याला तपासायला मुदत. म्हणजे ३१ डिसेंबर २०२६. सबब, तक्रारीला जागा नाही."

शकूरचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. निम्म्या पेठेचे पासवर्ड त्याच्या वहीत. त्यानं कप खाली ठेवला.

"बरं नाना, दिल्याला व्हेरिफाय करायला किती दिवस?"

"तीस."

"चुकले तर?"

"मग व्हेरिफाय केल्याचीच तारीख धरतात. मुदत टळलेली असली तर लेट फी. पाच हजार. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार."

"आन् कर थकला तर व्याज?"

"महिना एक टक्का."

"रिफंड लांबला तर सरकार किती देतं?"

नाना चष्मा पुसायला लागले. "अर्धा."

"म्हंजे आपला रुपया तिकडं गेला की आठ आण्याचा होतो."

नानांकडे याला उत्तर नव्हतं. मलाही शकूरचंच पटतं, उघड सांगतो. १५,४०० वर महिन्याला ७७ रुपये व्याज होतं, आणि ते हातात पडलं की पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं. रक्कम लहान आहे हो, पण प्रामाणिकपणे सगळं भरलेल्या माणसानं चार महिने आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून झुरत बसायचं, हे मला बघवत नाही.

"डिसेंबरात इन्कम टॅक्सचे खोट्या देणग्यांबद्दल मेसेज आलेले, तसला घोळ असंल," पक्या म्हणाला. "दाखवली असंल यानं कुठल्या तरी पक्षाला देणगी."

दिल्या उसळला. "मी गणपतीच्या वर्गणीची पावती मागणारा माणूस आहे!"

"पावती मागतोस. वर्गणी देत नाहीस."

तेवढ्यात शकूरनं दिल्याचा मोबाईल काढून घेतला आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडलं. इतक्या दिवसांत दिल्यानं बँकेत सहा चकरा मारल्या होत्या, पासबुक भरून आणलं होतं, पण लॉगिन एकदाही केलं नव्हतं. शकूरनं स्क्रीन आमच्याकडे फिरवली. रिफंड फेल्ड. पैसे नोव्हेंबरातच निघाले होते. दिल्याची बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदलला, पोर्टलवर जुनाच राहिला.

"पाहा! चूक करदात्याची!" नाना इतके खूश झाले की चहा सांडला. "ईमेल आला असणार."

"ईमेल पोराचा हाय," दिल्या म्हणाला. पोरगं पुण्यात.

"नाना," शकूर म्हणाला, "निरोप द्यायचा तर दारात येऊन द्यावा. गावाबाहेरच्या वडाला चिठ्ठी बांधली आन् म्हणायचं, कळवलं हुतं की."

त्यानं तिथंच बसून नवा आयएफएससी घातला, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, खातं पुन्हा व्हॅलिडेशनला, म्हणजे पडताळणीला, टाकलं. ते झालं की पोर्टलच्या सर्व्हिसेसमधनं रिफंड रीइश्यूची, म्हणजे पैसे पुन्हा पाठवायची, विनंती टाकायची. ती टाकल्याशिवाय पैसे आपोआप परत निघत नाहीत, हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

"परवा मेसेज आलेला, रिफंड मंजूर, लिंक दाबा," दिल्या हळूच म्हणाला. "हिनं मोबाईल हिसकावला."

"वहिनी हायत म्हणून एफडी हाय," शकूर म्हणाला.

पक्या जरा गप्प होता. मग म्हणाला, "जुनी थकबाकी असली तर यातनं कापून पण घेतात म्हणं?"

"कलम २४५," नाना सावरून बसले. "आधी सूचना. उत्तराला २१ दिवस."

दिल्या पक्याकडे वळला. "सप्टेंबर २००९. कासला गेलो. जीपचे अठराशे कुणी भरले?"

"पक्या, ही तुला सूचना," शकूर म्हणाला. "आजपासनं एकवीस दिवस."

नानांनी खरंच खिशातनं पेन काढलं. "१९६ महिने. एक टक्क्याने साधं व्याज ३,५२८. मुद्दल वेगळं."

"एक टक्का का?" पक्या ओरडला. "मला सरकारी दर लावा! अर्धा टक्का!"

सप्टेंबरपासनं पहिल्यांदा दिल्या असा हसला की शेजारच्या गाड्यावरचा पोरगा पाणी घेऊन धावला. नाना मात्र अजून कागदावर वाकलेलेच. "अर्ध्याने १,७६४," ते म्हणाले, "पण तो दर द्यायला पक्या सरकार आहे का, हे आधी ठरवा."