एअरगनवर उद्या बंधनं आली, तर ती आपल्यातल्याच काहींमुळे येतील

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एअरगनचा, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या बंदुकीचा, नाद जोरात वाढलाय. आमच्या लहानपणी छऱ्याची बंदूक हातात यायची ती जत्रेत, फुगे फोडायला. आता कॉलेजातली पोरं, बँकेतले साहेब, निवृत्त मास्तर, सगळे ‘स्प्रिंगवाली घ्यावी की पीसीपी’ (म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) यावर तावातावाने बोलताना दिसतात. मला याचा मनापासून आनंद आहे. पण सध्या काळजी जास्त वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला त्यात फक्त बंदूक दिसते. माझी पुतणी चौदा वर्षांची आहे. सरावाला बसली की डबीतला एकेक छर्रा उजेडात धरून बघते. मागची पातळ कड जरा जरी चेपलेली असली, तरी तो छर्रा बाजूला. मग खांदा, गाल, श्वास, आणि ट्रिगरवर हलकं बोट. मनासारखं जमलं नाही तर ती रायफल खाली घेते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहा मीटरवरच्या रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. एरवी घरात दोन मिनिटं एका जागी न टिकणारी पोर तिथे तासभर शांत असते. २००८मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच दहा मीटर एअर रायफल प्रकारात. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. पुढे मोठ्या रायफलकडे जाणारी मुलंसुद्धा बहुतेक वेळा एअरगनपासूनच सुरुवात करतात.

आता कायदा. २०१६च्या शस्त्र नियमांनी ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) ताकद ही रेघ आखून दिली आहे. तिच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलची ताकद साधारण सात-आठ ज्यूल असते, म्हणजे अचूक नेमबाजीला २० ज्यूलचीही गरज पडत नाही. तरीही ‘स्प्रिंग बदला, दाब वाढवा, ताकद दुप्पट करा’ असे व्हिडिओ धडाधड फिरताहेत. कशासाठी हवीय ही ताकद? कागदाला भोक पाडायला नक्कीच नाही.

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. होले, तितर, लावे मारून बंदुकीशेजारी ओळीने मांडलेले फोटो मी एअरगनवाल्यांच्या ग्रुपवर स्वतः पाहिलेत. खाली ‘भारी नेम भाऊ’ अशा कमेंट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२पासून आहे आणि हा सरळसरळ गुन्हा आहे. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ पक्षी मारायला परवानगी आहे असा होत नाही, हे इतकं साधं आहे!

अरुणाचल प्रदेशात काय झालं ते बघा. तिथे एअरगनने इतके पक्षी मारले जायचे की २०२१मध्ये सरकारने एअरगन जमा करण्याची मोहीम काढली. लोकांनी आपणहून दीड हजारांहून जास्त बंदुका आणून दिल्या. मला त्या लोकांचं कौतुकच वाटतं, जंगल वाचवायला त्यांनी स्वतःची वस्तू सोडली. आपल्याकडेही एअरगनच्या सवलतीविरुद्ध प्राणिप्रेमी संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ संपता संपता साध्या एअरगनलाही परवाना सक्तीचा झाला, आणि त्यामागे एअरगनने एका दोन वर्षांच्या बाळाचा घेतलेला बळी होता. तेव्हा ‘आपल्याकडे असं काही होणार नाही’ या भ्रमात कोणी राहू नये.

माझं मत स्पष्ट आहे. नोंदणी हवी, परवाना नको. विकताना ओळखपत्र घ्या, बंदुकीचा नंबर नोंदवा, लहान मुलाच्या नावे बंदूक देऊ नका, ऑनलाइन विक्रीलाही हेच लावा. मी पहिला जाऊन नोंद करीन. पण सरसकट शस्त्र परवाना लावला तर किमान वय २१ होईल, पोलीस पडताळणी, कलेक्टर ऑफिसच्या खेपा. नामांकित नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, मान्य. पण तालुक्याच्या गावातलं पोरगं हातात रायफल येण्याआधी नामांकित होणार कसं? पैसेवाल्यांची मुलं शहरातल्या क्लबात जाऊन शिकतीलच. दार बंद होईल ते बाकीच्यांसाठी. आणि चोरून शिकार करणारा परवान्याच्या रांगेत उभा राहणार नाही, हेही लक्षात घ्या.

गच्चीवर बाटल्या मांडून नेम धरणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. कठड्यावर आपटलेला छर्रा उलट फिरतो, शेजारच्या गच्चीवर जातो, कुणाच्याही डोळ्यात घुसू शकतो. चिंध्या गच्च भरलेली लाकडी पेटी लक्ष्यामागे ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि मागे पक्की भिंत नसेल तर बंदूक बाहेरच काढू नका. अशा एका अपघाताची बातमी झाली की सात ज्यूल आणि सत्तर ज्यूल यातला फरक ऐकून घ्यायला कोणी थांबणार नाही.

ग्रुपच्या ॲडमिन मंडळींनी मेलेल्या पक्ष्याचा फोटो टाकणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढावं. मी माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे असा फोटो दिसला की स्क्रीनशॉट काढून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर तक्रार करणार, मग टाकणारा ओळखीचा असो वा मित्र.