व्याख्यान ऐकून कोण सुधारलंय?

वादाला तोंड फोडलं शकीलनं. त्याच्या मुलीच्या कॉलेजात 10 डिसेंबरला मानवी हक्क दिनाचं व्याख्यान झालं. हजेरी लावली की क्रेडिट, म्हणून हॉल गच्च. पाहुण्यांनी पाऊण तास ‘विविधतेत एकता’ घोळवली, टाळ्या पडल्या, आणि सूत्रसंचालिकेनं जाहीर केलं की वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत. वडे-चहाला मात्र वेळ भरपूर होता. मुलगी घरी येऊन म्हणाली, “अब्बा, हक्कांचं काही कळलं नाही, पण सर्टिफिकेट मिळणार आहे.”

“बंद करा ही नाटकं,” शकील म्हणाला. “व्याख्यान ऐकून आजवर कोण सुधारलंय? ऐकायला येतात ते आधीच सुधारलेले असतात. नाहीतर क्रेडिटवाले.”

पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर असं वाक्य कुणी टाकलं की मंदारला राहवत नाही. कंपनीच्या कामानं तो इंग्लंडात राहून आलाय, त्यामुळे त्याचं ‘आमच्याकडे ऑक्सफर्डला’ सुरू झालं की वकील डोळे फिरवतो. (वकिलाचं नाव सुहास, पण ते त्याच्या बायकोशिवाय कुणी घेत नाही.)

“ऑक्सफर्डला लोक पैसे मोजून ऐकायचे,” मंदार म्हणाला. “1992 साली मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲम्नेस्टी संस्थेच्या नावानं व्याख्यानमाला सुरू झाली. शेल्डोनियन थिएटरात, जिथं विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होतो तिथं. तिकिटाचे पैसे ॲम्नेस्टीच्या कामाला.”

“म्हणजे हक्कांचा ऑर्केस्ट्रा,” वकील.

पण मंदारकडे त्यातल्या दुसऱ्या वर्षीच्या, 1993 च्या व्याख्यानांचं पुस्तक आहे आणि त्यानं ते खरंच वाचलंय. आमच्यात हे दुर्मीळ. त्या वर्षी विषयच मानवी हक्क होता. सात वक्ते, त्यात जॉन रॉल्स, ल्योतार, रिचर्ड रॉर्टी हे तत्त्वज्ञ आणि कायद्याची प्राध्यापक कॅथरिन मॅकिनन. आणि बाहेर काय चाललं होतं? युगोस्लाव्हिया फुटून झालेल्या बोस्नियात शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारायला सुरुवात करून वर्ष होत आलं होतं.

“आणि मुंबईत?” शकीलनं विचारलं.

सगळे गप्प झाले. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 च्या दंगली. श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा 900 दिलाय. शकीलचे मामा तेव्हा भायखळ्याला राहायचे.

रॉर्टीचं म्हणणं मंदारनं मग जरा जपूनच सांगितलं. रॉर्टी व्याख्यानाची सुरुवातच बोस्नियातल्या एका बातमीनं करतो, इतक्या किळसवाण्या की ती इथं लिहवत नाही. त्याचा मुद्दा असा: मारणाऱ्याला आपण मानवी हक्क तुडवतोय असं वाटतच नाही, कारण त्याच्या लेखी समोर माणूस नसतोच, मुसलमान असतो. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचं उदाहरण देतो. सगळी माणसं समान, हे लिहिणाऱ्या हातानं गुलाम पाळले, आणि त्यात त्याला विसंगती दिसली नाही. तेव्हा ‘माणूस म्हणजे काय’ याची तात्त्विक सिद्धता देत बसण्यात अर्थ नाही. उपयोग होतो तो गोष्टींचा. तिच्या जागी तू असतीस तर, तुझं पोर असतं तर, अशा रडवणाऱ्या गोष्टी. हक्कांची संस्कृती वाढली ती भावनेच्या शिक्षणातून, युक्तिवादातून नाही.

“अगदी बरोबर,” नीलिमा म्हणाली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. “सहावीच्या पोरांना कलमं सांगितली की जांभया देतात. वर्गातल्याच एकाच्या आजीला पाण्यासाठी विहिरीवर ताटकळत उभं राहावं लागायचं, हे त्यानं सांगितलं तेव्हा वर्ग चिडीचूप.”

“आणि सुट्टीत?” वकील. “सुट्टीत त्याच पोराला आडनावावरून चिडवलं की नाही?”

नीलिमानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “चिडवलं. पण सगळ्यांनी नाही.”

वकिलाला एवढंच हवं होतं. त्याला मॅकिनन प्रिय, कारण ती कायदेवाली. त्याच व्याख्यानमालेत, त्याच साली ती बोस्नियातल्या बायकांवरच्या बलात्कारांबद्दल बोलली, आणि तिचा रोख कुठल्या एका देशाकडे नव्हता, हक्कांच्या सगळ्या व्यवस्थेकडे होता. बाईवर जे होतं ते युद्धात झालं तर ‘युद्धात असं होतंच’, शांततेत झालं तर घरगुती मामला. मानवी हक्कांच्या वहीत त्याची नोंद कधी होणार? नीलिमा इथं पटकन म्हणाली, “आमच्या चाळीत त्याला अजून नवराबायकोचं भांडणच म्हणतात.” म्हणजे रॉर्टीची बाजू घेऊन बसलेली बाई अर्ध्या मिनिटात मॅकिननकडे गेली. मी हे तिला दाखवून दिलं नाही. चहा तिच्याकडून होता.

वकिलाचा खरा मुद्दा पुढचा. मॅकिनन बोलून थांबली नाही. बोस्नियन बायकांच्या वतीनं तिनं न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, थेट बोस्नियन सर्बांचा पुढारी राडोवान कराजिचवर. परदेशात झालेल्या अत्याचारासाठी अमेरिकेत दाद मागायला तेव्हा तिकडे अठराव्या शतकातला एक जुना कायदा चालायचा, तो तिनं वापरला. 2000 साली ज्यूरीनं 74 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

“मिळाली?” शकील.

“वसुलीच्या नावानं बोंब,” वकिलानं कबूल केलं. “पण ऐक. 1993 च्या मे महिन्यात युनोनं युगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण काढलं. फोचा गावच्या खटल्यात 2001 साली त्यांनी तिघांना शिक्षा दिली. 28, 20 आणि 12 वर्षं. बलात्कार आणि बायकांना गुलाम करून ठेवणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा, हे निकालपत्रात आलं. गोष्टी सांगून हे झालं नसतं. साक्षी नोंदवून झालं.”

“साक्ष म्हणजे गोष्टच की,” नीलिमा.

“उलटतपासणीला टिकलेली गोष्ट. फरक आहे.”

मला विचाराल तर कट्ट्यावरचं त्या संध्याकाळचं सर्वांत खरं वाक्य हेच होतं. पण वकिलाला तोंडावर शाबासकी दिली की तो पुढचे आठ दिवस ऐकत नाही, म्हणून मी विषय कराजिचवर नेला. हा गृहस्थ मुळात मानसोपचारतज्ज्ञ, वर कवी. वॉरंट निघाल्यावर वर्षानुवर्षं फरार. 2008 मध्ये बेलग्रेडमध्ये सापडला तेव्हा पांढरी दाढी, डोक्यावर केसांचा बुचडा, जाड चष्मा, नाव ड्रागान दाबिच, धंदा पर्यायी उपचारांचा. आरोग्याच्या मासिकात लिहायचा. आणि ध्यानधारणेवर जाहीर व्याख्यानं द्यायचा!

शकील हसून हसून खोकायला लागला. “बघा! माझाच मुद्दा. व्याख्यान कोणीही देतो.”

(पुढे त्याला हेगच्या त्याच न्यायाधिकरणात 40 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात 2019 ला ती जन्मठेप झाली. हे वकिलानं सांगितलंच.)

इतका वेळ बापू गप्प होते. बापू एसटीतून निवृत्त झालेत, आणि बाबासाहेबांच्या भाषणांच्या बाबतीत त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. ते म्हणाले, “ऑक्सफर्डला कशाला जाता? हा वाद याच गावात झालाय. 18 जानेवारी 1943. रानड्यांची 101 वी जयंती. डेक्कन सभेनं बाबासाहेबांना बोलावलं, गोखले मेमोरियल हॉलमध्ये. काय म्हणाले माहितीय? हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. समाजच विरोधात असेल तर कायदा, संसद, न्यायालय, कोणीही हमी देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या निग्रोला, जर्मनीतल्या ज्यूला, भारतातल्या अस्पृश्याला मूलभूत हक्कांचा उपयोग काय, असं विचारलं होतं त्यांनी.”

“म्हणजे बाबासाहेब रॉर्टीच्या बाजूला,” मंदार खुशीत.

“बाजूला कसले? पन्नास वर्षं आधी!” बापू उखडले. “आणि रडवणारी गोष्ट वगैरे नाही सांगितली. गांधी आणि जिना, दोघांनाही त्याच भाषणात धारेवर धरलं. विभूतिपूजेवर कोरडे ओढले. पुढं वर्तमानपत्रांनी झोडपलं त्यांना. छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तेही परतवलं.”

वकील हटला नाही. “बापू, पण त्याच माणसानं पुढं मूलभूत हक्कांचं प्रकरण संविधानात बसवलं ना? हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचं कलम, आजचं 32, त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय कधी म्हणाले? 9 डिसेंबर 1948. दुसऱ्या दिवशी तिकडं पॅरिसला युनोचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. शकील, तुझ्या पोरीचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं.”

“मग?”

“मग समाजावर भरवसा नाही म्हणूनच कायदा लिहिला.”

“आणि कायद्यावर भरवसा नाही म्हणून 56 ला धर्मांतर केलं,” बापू म्हणाले. वकिलाला उत्तर सुचलं नाही. क्वचित घडतं.

नीलिमानं मध्येच रॉल्सला ओढलं. मंदारनं सांगितलं होतं की रॉल्सच्या मते एखादा समाज उदारमतवादी नसला, उतरंडीचा असला, तरी तो मूलभूत हक्क पाळत असेल आणि आपल्या लोकांचं ऐकून घेत असेल, तर राष्ट्रांच्या पंगतीत त्याला पान मांडावं. नीलिमा म्हणाली, “ऐकून घेतो म्हणजे कुणाचं? जातपंचायतही म्हणते आम्ही सगळ्यांचं ऐकतो. सगळे म्हणजे पंच. वाळीत टाकलेल्याचं ऐकतात का? महाराष्ट्राला 2016 ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच?” मंदारनं पुस्तकातून दोन पळवाटा काढून दाखवल्या, त्या मला पटल्या नाहीत. ऑक्सफर्डच्या बाकावर बसून ‘उतरंड’ म्हणणं सोपं आहे, इतकंच माझं मत झालं.

मग शकीलनं भायखळ्याचं सांगितलं. आम्ही त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मामा, मामी आणि दोन लहान पोरं तीन रात्री समोरच्या बिऱ्हाडात होती. त्या घरातले काका गिरणीतले, शाखेत नेमानं जाणारे. त्यांनी दाराबाहेर खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. जमाव आला तेव्हा म्हणाले, इथं माझी बायको आजारी आहे, आवाज नको.

“त्यांनी कुठलं व्याख्यान ऐकलं होतं?” शकील म्हणाला. “आणि मामांचं दुकान जाळलं त्यांतला एकही कोर्टात उभा राहिला नाही. आयोगाचा अहवाल आला, शिक्षा झाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे तुमची गोष्टही झाली आणि कायदाही झाला. माझ्या मामाला दुकान कुणी दिलं?”

ह्याला रॉर्टीकडे अर्धं उत्तर आहे, मंदार हळूच म्हणाला. रॉर्टीच म्हणतो की दुसऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला आधी स्वतःचं बूड सुरक्षित लागतं. जीव मुठीत धरून जगणाऱ्याला सहानुभूती परवडत नाही.

“काकांचं बूड कुठं सुरक्षित होतं?” शकीलनं विचारलं. “संपात गिरणी गेली होती त्यांची.”

म्हणजे रॉर्टीही तिथं पुरत नाही. मंदारनं मान डोलावली, वाद घातला नाही.

मला मात्र शकीलचं पहिलं वाक्य तेव्हाच अर्धं खोटं वाटायला लागलं होतं. त्याच्या मुलीच्या कॉलेजात झालं ते व्याख्यान नव्हतंच, आरती होती. शेल्डोनियनमध्ये एकाच साली, एकाच मालेत एक जण म्हणतो गोष्टी सांगा आणि दुसरी म्हणते दावे लावा. डेक्कन सभेनं रानड्यांच्या जयंतीला अशा माणसाला बोलावलं जो रानड्यांचं कौतुक करेल पण हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या दैवतांना सोडणार नाही. वक्त्यानं श्रोत्यांना आवडेल तेच बोलायचं ठरवलं की क्रेडिट द्यावंच लागतं, नाहीतर येईल कोण?

हे मी बोललो आणि फसलो, कारण बापूंनी लगेच ठरवून टाकलं की गणपतीत मंडळाच्या मांडवात एक दिवस असा कार्यक्रम ठेवायचा. दोन वक्ते, एकमेकांना खोडणारे. प्रश्नोत्तरं आधी, भाषणं नंतर.

“दुसरा वक्ता कोण?” शकील. “हक्कांच्या बाजूनं एक. त्याला खोडणारा म्हणजे कोण, दुकान जाळणारा?”

वकील म्हणाला, तसं नाही, रॉर्टी आणि मॅकिनन कसं वाचवायचं यावर भांडतात, वाचवायचं की नाही यावर नाही. नीलिमा म्हणाली, मग आपण पुन्हा आपलेच सहा जण मांडवात. जो ऐकायलाच तयार नाही त्याला मंचावर नको बोलवूस, पण पहिल्या रांगेत तर बसव. बापू म्हणाले, पहिल्या रांगेत नगरसेवक बसतो.

“मग बरोबर,” शकील म्हणाला. “पहिला प्रश्न मी विचारतो. पण माईक माझ्या हातात पाहिजे, सूत्रसंचालिकेच्या नाही.”