ग्रीन बे पॅकर्स लोकांच्या मालकीचा आहे, पण फॉरवर्डमध्ये सांगतात तसा नाही

अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्सबद्दल एक दावा सतत फिरत असतो. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या शहराने स्वतःचा संघ उभा केला, मालक कोणी धनाढ्य नाही, शेअर घेईल तो मालक, नफा सगळ्यांत वाटला जातो, कोणाच्या मदतीची किंवा सरकारी पैशाची कधी गरज पडली नाही आणि इतर शहरांनी मनावर घेतलं तर त्यांनाही हे जमेल, असा त्याचा गोषवारा. यातला 'मालक धनाढ्य नाही' एवढाच भाग खरा आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

नफा वाटला जातो, हे साफ चूक. १९२३ पासून ही ना-नफा कंपनी आहे आणि शेअरवर लाभांश मिळत नाही. शेअरची किंमत वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही. जवळच्या नातेवाइकाला देता येतो, किंवा नाममात्र रकमेला कंपनीलाच परत करता येतो. २०२१-२२ च्या विक्रीत एका शेअरला ३०० डॉलर पडले, त्या बदल्यात सामन्याचं एक तिकीटसुद्धा मिळालं नाही. सीझन तिकिटांची प्रतीक्षायादी वेगळीच आहे आणि तिच्यात लाखाहून जास्त नावं आहेत. 'ना-नफा म्हणजे करमुक्त' असंही कोणी जोडून देतं; पॅकर्स आयकर भरतात.

मराठीत सांगताना 'सहकारी' हा शब्द सहज चिकटतो, पण तो इथे बसत नाही. साखर कारखान्यात सभासदाला एक मत असतं, शेअर कितीही असोत. इथे मत शेअरमागे आहे. १९९७ मध्ये नवी विक्री काढताना जुन्या प्रत्येक शेअरचे हजार शेअर केले गेले. आज एकूण सुमारे ५२ लाख शेअर आहेत. त्यातले १९९७-९८, २०११-१२ आणि २०२१-२२ या तिन्ही विक्रींतले मिळून सहा लाखही भरत नाहीत. भागधारक पाच लाखांवर आहेत, पण १९९७ आधी ते दोन हजारांच्या आसपास होते. म्हणजे आजच्या बहुसंख्य 'मालकां'कडे मिळून जेमतेम ११ टक्के मतं आहेत. ती मतंही संचालक निवडण्यापुरती. कारभार सात जणांची कार्यकारी समिती पाहते आणि तिच्यात पगार फक्त अध्यक्षाला असतो. प्रशिक्षक कोण, क्वार्टरबॅक (मैदानावर चाल चालवणारा मुख्य खेळाडू) कोण, हे भागधारकांना कोणी विचारत नाही.

'कोणाच्या मदतीशिवाय' हा भाग तर इतिहासाशी अजिबात जुळत नाही. १९१९ मध्ये संघाचे सहसंस्थापक कर्ली लॅम्बो यांनी जर्सीसाठी ५०० डॉलर घेतले ते इंडियन पॅकिंग कंपनीकडून. नावातला 'पॅकर्स' तिथला. १९२३ मध्ये ५ डॉलरचे १,००० शेअर विकून ५,००० डॉलर जमले. १९३१ मध्ये एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, त्याने खटला जिंकला, त्यातच विमा कंपनी बुडाली आणि संघ कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे प्रशासकाच्या हाती गेला. त्यातून बाहेर काढायला १९३५ मध्ये १५,००० डॉलर गोळा करावे लागले, १९५० मध्ये पुन्हा १,१८,०००. शिवाय १९३३ ते १९९४ घरचे काही सामने त्याच राज्यातल्या मोठ्या मिलवॉकी शहरात व्हायचे, कारण गल्ला तिथे मोठा. स्टेडियमही संघाचं नाही. १९५६ च्या सार्वमतात शहराने ते बांधायला कौल दिला, आणि २००० च्या सार्वमतानंतर ग्रीन बे ज्यात येतं त्या ब्राउन काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) लोकांनी नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर भरला, तो थेट २०१५ पर्यंत. पॅकर्स तिथले भाडेकरू आहेत.

मग हा संघ गाव सोडून गेला कसा नाही? याचं उत्तर फॉरवर्डमध्ये कधीच नसतं, आणि सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. कंपनीच्या घटनेतच कलम घातलं होतं की संघ विकला गेला, तर देणी भागवून उरलेला सगळा पैसा माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन संघटनेच्या स्थानिक शाखेला, सैनिकांच्या स्मारकासाठी जाईल. १९९७ मध्ये त्या जागी पॅकर्स फाउंडेशन ही धर्मादाय संस्था आली. विकून कोणाच्याच खिशात दमडी पडणार नसेल, तर विकायचं कोणी आणि कशाला? शिवाय एका व्यक्तीला दोन लाखांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत, त्यामुळे हळूहळू गोळा करून कब्जा मिळवायची वाटही बंद.

इतर शहरांना मात्र ही वाट मोकळी नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या नियमांनुसार संघाला मोजकेच मालक चालतात आणि निर्णायक अधिकार असलेला एक प्रमुख मालक लागतो. पॅकर्सची रचना त्या नियमाआधीची म्हणून त्यांना सूट आहे. आणि समजा सूट मिळालीच, तरी छोट्या गावाला तारतो तो टीव्हीचा पैसा. १९६० च्या दशकापासून राष्ट्रीय प्रक्षेपणाचं उत्पन्न सगळ्या संघांत समान वाटलं जातं, न्यूयॉर्कला जेवढं तेवढंच ग्रीन बेला. २०२४ च्या हिशेबात लीगकडून आलेली ही राष्ट्रीय उत्पन्नाची रक्कम ४० कोटी डॉलरच्या वर होती. हा आकडा आपल्याला कळतो, कारण पॅकर्स दरवर्षी भागधारकांपुढे ताळेबंद मांडतात. बाकीचे ३१ संघ आपला हिशेब असा जाहीर करत नाहीत.