बाय बाय, मेंबर

सकाळी चहा घेताना एक रील समोर आलं आणि दिवसाचा विचका झाला. अर्ध्या मिनिटाचं असेल. पाच-सहा पोरंपोरी, हरिश्चंद्रगड, कोकणकड्यावर तंबू, सूर्यास्त, मॅगीचं पातेलं आणि मध्ये मध्ये एक तांबूस गावठी कुत्रं. वर लिहिलंय, ‘आमचा नवा मेंबर, खिरेश्वर ते पाचनई!’ शेवटचा तुकडा गाडीच्या मागच्या काचेतून काढलेला. कुत्रं धुळीत गाडीमागे धावतंय आणि आतली मंडळी हसत ओरडतायत, ‘बाय बाय मेंबर, मिस यू!’ खाली बदामांचा पाऊस.

मी कमेंट लिहिली. खोडली. परत लिहिली. एका पोराचं लगेच उत्तर आलं, ‘काकू चिल, तो स्वतःच आला होता.’ मग तीही खोडली आणि इथे आले. माझ्या यादीतली निम्मी माणसं डोंगरात जाणारी आहेत, उरलेल्यांच्या घरी कुत्री आहेत. तुम्हाला फोड करून सांगायला नको.

तरी ज्यांनी गड पाहिला नाही त्यांच्यासाठी. खिरेश्वर गडाच्या या अंगाला, जुन्नर तालुक्यात, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठी. पाचनई त्या अंगाला, अकोले तालुक्यात. मध्ये अख्खा डोंगर. खिरेश्वरहून टोलार खिंड, मग रेलिंग धरून चढायचा कातळ, मग त्या संपता न संपणाऱ्या टेकड्या. गडावरच्या देवळापाशी पोचायला चार-पाच तास धरा. पाचनईला उतरायला दीड-दोन. आणि गाडीरस्त्याने एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असा वळसा. कुत्र्याने काय एसटीने जायचं?

‘स्वतःच आला होता.’ हो, मान्य. दोरी बांधून कोणी नेत नाही. पण पहिलं बिस्कीट कोण टाकतं? टेकडी चढताना तो मागे राहिला की शीळ कोण घालतं? रात्री थंडीत पायाशी ऊब लागते तेव्हा तो ‘आपला’, आणि दुसऱ्या दिवशी जीप आली की तो ‘स्वतःच आलेला’. वा.

मला एवढा राग का येतोय ते मला माहीत आहे. तुम्हालाही कळलं असेल. मी हेच केलंय.

2014 चा जानेवारी. आम्ही पाच जण. पहाटेच्या एसटीने खुबी फाट्यावर उतरलो, धरणाच्या भिंतीवरून कुडकुडत खिरेश्वरला आलो. एका मावशींच्या पडवीत पोहे खाल्ले, आणि तिथूनच तो मागे लागला. पिवळसर, छातीवर पांढरा ठिपका, डावा कान टोकाला फाटलेला. मागे लागला म्हणणंही चूकच, तो पुढे चालायचा. वळणावर थांबायचा, आम्ही दिसलो की परत पुढे. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे, तिथे बसून आम्ही त्याला पार्ले-जीचा अर्धा पुडा घातला आणि बारसं केलं. ‘सर’. कारण तो आमच्या ऑफिसातल्या साहेबासारखा सारखा मागे वळून बघायचा, येताय की नाही म्हणून. कातळाच्या टप्प्यावर आम्ही रेलिंगला लोंबकळत होतो आणि सर कुठल्याशा घळीतून वर जाऊन जांभया देत बसले होते.

केदारेश्वराच्या गुहेत आम्ही त्या बर्फासारख्या पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. तो दाराशी बसून राहिला.

संध्याकाळी कोकणकडा. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे उभं राहून खाली बघायचं नसतं, पालथं पडून सरपटत कडेला जायचं. आम्ही पाच जण ओळीने पालथे पडलो. सहावा तो. पुढचे पाय लांब करून, हनुवटी दगडावर टेकवून. खालून कोकणातला वारा वर येत होता, त्याचा फाटका कान हलत होता. फोटो आहे माझ्याकडे. टाकणार नाही.

(त्या वेळी कड्यावर आमचे दोन तंबू धरून सात-आठच होते. आता शनिवारी जत्रा असते, स्पीकर असतात, दरीतला अंधार ऐकूच येत नाही. तो वेगळा विषय आहे, त्यावर आज लिहायला बसले तर रात्र होईल.)

रात्री तो तंबूच्या कापडाला बाहेरून पाठ लावून झोपला. कापडातून त्याच्या पाठीची ऊब माझ्या पायांना लागत होती. मध्येच कधीतरी उठून तो गुरगुरला, बराच वेळ. आम्ही आत म्हणालो, ‘सर आहेत, झोपा.’

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पाचनईला उतरलो. का? तर मागच्या वाटेने उतरायचा कंटाळा आला होता, आणि एकाने राजूरपर्यंत जीप ठरवली होती. एवढंच कारण. गावात शिरलो तशी तीन कुत्री अंगावर आली. आमच्यावर नाही, त्याच्यावर. काल दिवसभर अख्खा डोंगर बापाचा असल्यासारखा चालणारा तो शेपूट पोटाखाली घेऊन जीपच्या चाकाआड गेला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी म्हणाले, आणि हे वाक्य मीच म्हणाले, दुसरं कोणी नाही, ‘जाईल रे परत, कुत्र्यांना वाट कळते.’

जीप निघाली. तो धावला. आम्हीही मागच्या काचेतून बघत होतो. रील काढायची अक्कल तेव्हा नव्हती, नाहीतर आम्हीही काढलं असतं.

म्हणजे त्या पोरांना मी कुठल्या तोंडाने बोलतेय, हा प्रश्न रास्त आहे. मला राग त्यांचा किती आणि माझा किती, हे आता लिहिता लिहिता मलाच धड सांगता येत नाहीये. वाईट नसतील ती. आम्हीही नव्हतो. पोहे खाऊन वर पैसे जास्त दिले होते, कचरा पिशवीत भरून खाली आणला होता. गडावर प्लास्टिक टाकणाऱ्याला चार शब्द सुनावणारी माणसं आम्ही. कुत्रं मात्र सोडून आलो.

आता कोणीतरी सांगेल की बरीच कुत्री वास काढत घरी पोचतात. पोचतही असतील. पण एकटं कुत्रं रात्री त्या डोंगरात म्हणजे काय, ते जुन्नर-अकोल्यातलं शेंबडं पोर सांगेल. त्या पट्ट्यातल्या बिबट्याला कुत्रं म्हणजे हातातोंडाशी आलेलं जेवण. आणि गावात राहिलं तर ते परकं. दुसऱ्या गावच्या कुत्र्यांनी कान उरलेला ठेवला तरी पुष्कळ.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यावरून आपण महिनाभर एकमेकांची डोकी फोडतो. जिवंत वाघ्या मात्र आपण डोंगरापलीकडे सोडून येतो, आणि वर बदाम.

काय करायचं मग? फार काही नाही हो. गाव सोडताना ज्याच्या दारातून कुत्रं निघालं त्याला हाक मारा, ‘दादा, बांधून ठेवता का जरा?’ पहिलं बिस्कीट टाकू नका, जीव तुटला तरी. आणि आलंच, तर त्याच वाटेने उतरा. पाय दुखतील. दुखू देत.

पुढच्या वर्षी मी खिरेश्वरला परत गेले. मुद्दाम त्याच पडवीत. मनात म्हणत होते, समोरून फाटका कान हलवत येईल आणि मी सुटेन. मावशींनी मला ओळखलं नाही. मीच आठवण दिली, आणि फार सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुमचा तो पिवळा कुत्रा कुठे दिसत नाही?’

‘सोन्या व्हय? त्यो मागल्या साली पोरांसंगं वर गेला, त्यो आलाच नाय. शेळ्यांमागं लई गुणाचा व्हता.’

मी सांगितलं नाही की ती पोरं आम्हीच. आजही हे इथे लिहितेय, त्यांना जाऊन सांगितलेलं नाही. पोहे गिळले. निघताना पडवीतलं काळं पिल्लू आमच्या बुटांच्या नाड्या ओढत अंगणाबाहेर आलं. मावशी काही बोलल्या नाहीत. उठल्या, पिल्लू उचलून आत नेलं आणि बाहेरून कडी घातली. आम्ही शेतं ओलांडून खिंडीच्या वाटेला लागेपर्यंत ते आतून दार खरवडत होतं, आणि मावशी कडीवर हात ठेवून तिथेच उभ्या होत्या.