अहो, चड्डीलासुद्धा इस्त्री करा!

युगांडात प्रशिक्षणाला येणाऱ्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगावं लागतं, तरी दर तुकडीत पालथ्या घड्यावर पाणी. धुतलेले कपडे गवतावर वाळत टाकू नका! दोरीवर टाका, कडक उन्हात. आणि तरीही इस्त्री कराच.

आंबामाशी, म्हणजे आफ्रिकेतली ‘मँगो फ्लाय’, ओलसर कापडावर अंडी घालते. इस्त्रीच्या उष्णतेने ती मरतात, नाहीतर एक ते तीन दिवसांत अळी निघते आणि अंगाची ऊब लागली की कातडीत शिरते. फोड आला की लोक ‘डास चावला असेल’ म्हणत खाजवत बसतात. अरे, नीट बघा तरी! मधोमध बारीक छिद्र दिसतं, त्यातून पाणी झिरपतं. अळी तिथूनच श्वास घेते. लगेच पिळू नका, ती आत फुटली तर जखम चिघळते. व्हॅसलिनचा जाड थर देऊन छिद्र बुजवा. गुदमरून ती वर आली की दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून चिमट्याने काढा.

‘शर्टाला केली की इस्त्री!’ शर्टाला करून काय उपयोग? चड्ड्या, बनियन, मोजे, टॉवेल, चादरी यांचं काय? लाजेपायी आतले कपडे सावलीत वाळवतात, तेच जास्त वेळ ओले राहतात. शिवण आणि इलॅस्टिकवरून इस्त्री दोन्ही बाजूंनी फिरायला हवी. वीज नाही ही सबब नको, कोळशाची इस्त्री बाजारात मिळते. फक्त आधी राख झटका. इस्त्री न सोसणारं कापड दोन आठवडे कोरडं ठेवून मगच घाला.