फूट मतपेटीतून आली नव्हती

काका,

निवडणुकीला उभा करायचा पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सभासदांनीच गुप्त मतदानानं निवडावा, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "सीमाभागाला मोजणी नको, एकी हवी. घरात मतदान घातलं की घर फुटतं. आणि पैसेवाला रातोरात सभासद भरून निवडून येईल." बेळगाव सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत चाळीस वर्षं चाललेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फुटीचं बघू. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूरमधून दोन आमदार कर्नाटक विधानसभेत गेले. २०१८ ला एकही नाही. मधे दोन गट झाले आणि एकाच मतदारसंघात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले. ही फूट कुठल्या मतपेटीतून आली नव्हती, काका.

एका गावच्या देवळातली बैठक मला विसरता येत नाही. पक्ष कुठला ते सोडा. एकानं उठून नाव वाचलं, "सगळ्यांना मान्य ना?" म्हणाला, पुढच्या दोन ओळींनी टाळ्या वाजवल्या. मागं खांबाला टेकलेल्या एका आजोबांचा हात वर होता. टाळ्या थांबल्या तरी तो वरच होता. बायका तर पायरीखाली, चपलांपाशी उभ्या. आठवडाभरानं आजोबा विरोधी उमेदवाराच्या प्रचारात दिसले. मी विचारलं, तर म्हणाले, "माझा हात कुणाला दिसलाच नाही की रे."

मला भीती मतदानाची वाटत नाही, त्या न दिसलेल्या हाताची वाटते.

जर्मनीच्या राज्यघटनेनं पक्षांवर बंधनच घातलंय: अंतर्गत कारभार लोकशाही तत्त्वांना धरून हवा. तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षानं २०१८ मध्ये, चॅन्सेलर मर्केल यांच्या सरकारात जायचं की नाही, हे साडेचार लाखांहून अधिक सभासदांना टपालानं विचारलं. ६६ टक्के 'हो' म्हणाले. विरोधाचा प्रचार केला होता पक्षाच्याच युवा संघटनेचा अध्यक्ष केव्हिन क्युनर्ट यानं. तो हरला, पण पक्षात राहिला, आणि २०२१ मध्ये त्याच पक्षाचा सरचिटणीस झाला.

आता रातोरात सभासदांचं. तुमची शंका खरी आहे. तिथंही मतदानाच्या तोंडावर सभासद होणाऱ्यांची रीघ लागली होती. म्हणून पक्षानं ६ फेब्रुवारीची संध्याकाळ ही हद्द ठरवली, नंतर आलेल्याला मत नाही. उलट २०२२ मध्ये पंजाबात आम आदमी पक्षानं मुख्यमंत्रिपदाच्या चेहऱ्यासाठी फोनवर कौल घेतला, तेव्हा कुणीही फोन करावा, सभासद असो वा नसो. तसला कौल मलाही नको. तिथं तुमच्या बाजूनं आहे मी.

मला हवी आहे ती साधी वही. गल्लीची पंच मंडळी वर्गणीची लिहितात तशी, गावागावात सभासदांची नावं, बायकांची वेगळी, नवऱ्याच्या नावाखाली नाही. निवडणुकीच्या सहा महिने आधी ती बंद करायची आणि देवळाच्या भिंतीवर लावायची. खोटं नाव असेल तर गावच ओळखेल.

तुमच्या गावात अशी वही कुणाकडे आहे का? असली तर कळवा, येत्या रविवारी मी येतो. नसली तर कोरी घेऊन येतो. पहिलं पान तुम्ही आणि काकू मिळून लिहा.