दोन अधोल्या

गेले दोन महिने भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय: गावचा वाडा. रत्नागिरीकडचं आमचं चिऱ्याचं घर. आम्ही खोत, म्हणजे पूर्वी कुळांकडून सारा वसूल करणारे. पुढे खळं, मग ओटी, माजघर. यंदाच्या पावसात मागची भिंत खचली. चुलतभावाला ते सावरून ‘खोतांचा वाडा’ नावाने होमस्टे काढायचाय, काका म्हणतात विकून मोकळे व्हा. मी पडलो इंग्लंडात, रेडिंगला, त्यामुळे माझं मत पैसे पाठवण्यापुरतंच.

वाडा सावरावा, असंच मलाही वाटतं. आमच्या जवळच बॅसिल्डन पार्क नावाचं जुनं, भलंमोठं घर आहे. 1952 साली इलिफ दांपत्याने ते घेतलं तेव्हा पार पडायला आलेलं; आतलं काही सामान तर न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियात पोचलं होतं. त्यांनी लिंकनशरच्या पँटन हॉलमधून जुनी दारं आणली. ती जॉन कार या बॅसिल्डनच्याच वास्तुकाराची, म्हणून इथल्या चौकटींत चपखल बसली!

पण मूळ घर बांधलं फ्रान्सिस साइक्सने, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुर्शिदाबादच्या रेसिडेंटने. ‘मथौट’ नावाच्या पट्टीवरून त्याला ‘स्क्वायर मटूट’ म्हणत. 1770 ला बंगालमध्ये दुष्काळात माणसं मेली. 1771 ला याने ही जागा विकत घेतली. त्याच्या जिन्यात मी तावातावाने बायकोला म्हणालो, बघ, आपल्या पैशाचं घर!

“आणि तुम्हा खोतांचं कुणाच्या?” ती म्हणाली.

गप्प बसलो. पुण्यातला वाडा असो की कोकणातला, आपला वाद ‘पाडा की ठेवा’च्या पुढे सरकत नाही. खोतीविरुद्ध 1933 ला अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून संप केला, सहा वर्षं रेटला. 1937 ला बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. आमच्या घरात यातलं अवाक्षर कधी निघालं नाही.

नाही म्हणायला, माळ्यावर भात मोजायच्या दोन लाकडी अधोल्या आहेत. दिसायला सारख्या, पण एकीत मूठभर जास्त मावतं. ती कुळाकडून घ्यायची आणि दुसरी कुळाला द्यायची, असं आजी सहज सांगायची.

मी ग्रुपवर लिहिलं: दोन्ही ओटीवर मांडा, कुठली कशाची तेही लिहा. भावाचं उत्तर आलं, “दादा, मांडतो, झकास दिसतील. लिहायचं कशाला?”

माझा हिस्सा मी अजून पाठवलेला नाही.